खात्रीच्या कष्टांची विश्रांती : ‘स्टारड्यू व्हॅली’ आणि आरामासाठी खेळले जाणारे व्हिडिओ गेम

१. प्रस्तावना

व्हिडिओ गेम म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर बंदुका, गाड्यांच्या शर्यती किंवा क्रिकेटचे सामने येतात. परंतु गेल्या काही वर्षांत एका वेगळ्याच प्रकारच्या गेम्सना मोठा खेळाडूवर्ग मिळाला आहे. या गेम्समध्ये शत्रूला हरवणे हे मुख्य काम नसते. शेत नांगरायचे, रोपांना पाणी घालायचे, मासे धरायचे, शेजाऱ्यांना भेटवस्तू द्यायच्या, खोक्यांतले सामान काढून खोलीत लावायचे, स्वयंपाक करायचा, अशी रोजची साधी कामे त्यांत असतात. दिवसभराचा अभ्यास किंवा नोकरी आटोपून आल्यावर लोक ही कामे आवडीने करतात आणि त्यातून बरे वाटते असे सांगतात.

या गेम्सविषयी सहसा दोन प्रकारची मते ऐकू येतात. पहिले मत असे की हा निव्वळ वेळेचा अपव्यय आहे. दुसरे मत असे की मनाला आराम मिळतो ना, मग चिकित्सा कशाला? ही दोन्ही मते समीक्षेचे दार बंद करतात. आराम मिळतो हे मान्य करूनही तो कशाचा बनलेला आहे, हा प्रश्न शिल्लक राहतो.

भारतीय कलाविचाराला हा प्रश्न नवा नाही. भरताच्या नाट्यशास्त्राच्या पहिल्याच अध्यायात दुःखी, श्रमलेल्या आणि शोकाकुल माणसांना विश्रांती देणे हे नाट्याचे एक प्रयोजन मानले आहे. त्याला लागूनच नाट्य बुद्धी वाढवणारे आणि लोकांना उपदेश करणारे ठरेल, असेही म्हटले आहे. म्हणजे विश्रांती हे कलेचे हलके किंवा दुय्यम काम नाही, आणि विश्रांती व समज यांत विरोध असलाच पाहिजे असेही नाही. हाच निकष घेऊन प्रस्तुत घटकात आपण प्रामुख्याने ‘स्टारड्यू व्हॅली’ या गेमचे परीक्षण करू. तुलनेसाठी ‘फार्मव्हिल’, ‘अॅनिमल क्रॉसिंग : न्यू होरायझन्स’, ‘अनपॅकिंग’ आणि ‘वेण्बा’ या गेम्सचा आधार घेऊ.

२. ‘कोझी गेम’ ही संज्ञा

अशा गेम्सना आज ‘कोझी गेम’ म्हणतात. ‘कोझी’ या शब्दात ऊब, निवारा आणि निवांतपणा या तिन्ही छटा आहेत. पावसाळ्याच्या संध्याकाळी घरात गोधडी पांघरून बसल्यावर जे वाटते, ते या शब्दाच्या जवळचे आहे. बाहेर पाऊस असावा लागतो, तेव्हाच आतल्या उबेला अर्थ येतो, हेही येथे लक्षात ठेवावे.

‘प्रोजेक्ट हॉर्सशू’ या गेम-रचनाकारांच्या परिषदेत २०१७ साली एका गटाने या विषयावर अहवाल तयार केला. त्यात कोझीपणाची तीन अंगे सांगितली आहेत : सुरक्षितता, विपुलता आणि मृदुता. सुरक्षितता म्हणजे धोका किंवा नुकसान यांची भीती नसणे. विपुलता म्हणजे मूलभूत गरजा भागलेल्या असणे आणि काहीच तातडीचे नसणे. मृदुता म्हणजे रंग, आवाज, गती आणि वागणूक यांतला सौम्यपणा.

ही व्याख्या उपयुक्त आहे, पण एका गोष्टीचा उलगडा ती पुरेसा करत नाही. सुरक्षितता, विपुलता आणि मृदुता एवढेच हवे असेल, तर माणसाने पलंगावर पडून राहावे. या गेम्समध्ये मात्र खेळाडू सतत काम करत असतो, आणि ते कामही कंटाळवाणे म्हणावे असे. दमलेला माणूस विश्रांतीसाठी पुन्हा काम का करतो? या घटकाचा मध्यवर्ती प्रश्न हाच आहे.

३. पार्श्वभूमी : घर सुटलेल्यांनी रचलेली गावे

या प्रकाराचा इतिहास पाहिला तर एक समान धागा दिसतो. १९९६ साली जपानमध्ये ‘बोकुजो मोनोगातारी’ हा शेतीचा गेम आला. बाहेरच्या देशांत तो ‘हार्वेस्ट मून’ या नावाने ओळखला गेला. त्याचे निर्माते यासुहिरो वाडा हे ग्रामीण भागात वाढले आणि पुढे टोकियोत काम करू लागले. शहरात राहताना आठवणारे गाव हे त्या गेममागचे बीज होते. २००१ साली निन्टेन्डोच्या ‘अॅनिमल क्रॉसिंग’ मालिकेतला पहिला गेम जपानमध्ये प्रसिद्ध झाला. त्याचे एक जनक कात्सुया एगुची यांनीही मुलाखतींत सांगितले आहे की, चिबा सोडून कामासाठी क्योटोला आल्यावर घरचे लोक आणि मित्र दुरावले, आणि त्या एकटेपणातून या गेमची कल्पना आली.

‘स्टारड्यू व्हॅली’ २६ फेब्रुवारी २०१६ रोजी प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील सिअॅटल परिसरात राहणाऱ्या एरिक बरोन या तरुणाने तो जवळजवळ साडेचार वर्षे एकट्याने घडवला. प्रोग्रॅमिंग, चित्रे, संगीत आणि संवाद हे सर्व त्याचेच आहे. ‘हार्वेस्ट मून’चे ऋण तो उघडपणे मान्य करतो. आजवर या गेमच्या ४ कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या आहेत.

गेमची सुरुवात पाहा. मृत्युशय्येवरचे आजोबा नातवाला किंवा नातीला एक बंद पाकीट देतात. जगण्याचा भार असह्य होईल तेव्हाच ते उघडायचे. काही वर्षांनंतर ते नातवंड ‘जोजा’ नावाच्या अवाढव्य कंपनीच्या कार्यालयात, एकसारख्या खुराड्यांच्या रांगेत बसलेले दिसते. पाकीट उघडले जाते. आत पेलिकन टाउन या गावाजवळच्या शेताची कागदपत्रे असतात. खेळाडू नोकरी सोडून गावाकडे निघतो.

गावातून शहरात गेलेल्या माणसाचा प्रवास येथे उलट्या दिशेने चालवलेला आहे. वसतिगृहात किंवा भाड्याच्या खोलीत राहून शिकणाऱ्या विद्यार्थ्याला ही कथा परकी वाटणार नाही. मात्र कथेइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व येथे नियमांना आहे. तिकडे आता वळू.

४. नियम काय सांगतात?

गेम-अभ्यासक इयन बोगोस्ट यांनी ‘पर्सुएसिव्ह गेम्स’ (२००७) या ग्रंथात एक महत्त्वाची कल्पना मांडली. लेखक शब्दांतून युक्तिवाद करतो, चित्रपटकार दृश्यांतून करतो, तसा गेम आपल्या नियमांमधून युक्तिवाद करतो. काय केले की काय होते, हे ठरवताना गेम जगाविषयी काहीतरी ठामपणे सांगत असतो. म्हणून गेमची समीक्षा करताना केवळ कथा आणि चित्रे पाहून भागत नाही, हिशेबही पाहावा लागतो.

‘स्टारड्यू व्हॅली’तला हिशेब सोपा आहे. वर्षात चार ऋतू असतात आणि प्रत्येक ऋतू २८ दिवसांचा. गेममधला दिवस सकाळी सहाला सुरू होतो आणि जास्तीत जास्त रात्री दोनपर्यंत चालतो. घड्याळ थांबवले नाही तर हा दिवस आपल्या सुमारे १४ मिनिटांत संपतो. सुरुवातीला खेळाडूकडे ५०० नाणी असतात आणि पार्सनिप या कंदाचे १५ दाणे भेट मिळतात. पार्सनिपचे बी २० नाण्यांना मिळते, पीक ४ दिवसांत येते आणि साध्या प्रतीचा कंद ३५ नाण्यांना विकला जातो. फ्लॉवरचे बी ८० नाण्यांचे, पीक १२ दिवसांत, विक्री १७५ नाण्यांना. कागद घेऊन बसलो तर पार्सनिपमागे दिवसाला पावणेचार आणि फ्लॉवरमागे जवळपास आठ नाणी सुटतात, हे दोन मिनिटांत कळते.

आता या हिशेबात काय नाही ते पाहा. घराशेजारच्या पेटीत माल टाकला की दुसऱ्या दिवशी सकाळी पैसे जमा होतात. दहा फ्लॉवर टाकले किंवा हजार टाकले, तरी प्रत्येकाचा भाव तोच राहतो. आवक वाढली म्हणून भाव पडला, असे या गावात कधी होत नाही. गाडीभाडे, अडत, हमाली, तोलाई यांपैकी काहीही कापले जात नाही. घरातला दूरदर्शन संच उद्याचे हवामान सांगतो आणि ते कधी चुकत नाही. कावळे पीक खातात, पण बुजगावणे उभे केले की त्याच्या टप्प्यात येत नाहीत. वीज पडते, पण वीजरोधक सळई बसवता येते. ऋतू बदलला की जुनी पिके मरतात, पण तो दिवस पंचांगात आधीच दिसतो. धोके आहेत, पण प्रत्येकाचा उपाय ठाऊक आहे आणि तो परवडणारा आहे.

ज्याच्या घरी शेती आहे अशा विद्यार्थ्याला यातला फरक सांगावा लागत नाही. नाशिक जिल्ह्यातील लासलगावचा कांदाबाजार घ्या किंवा देशातली कोणतीही मोठी बाजार समिती घ्या. तिथे भरघोस पीक हेच अनेकदा संकट ठरते, कारण सगळ्यांचेच भरघोस आलेले असते. तिथे मेहनत आणि मिळकत यांच्यामध्ये पाऊस, भाव, वाहतूक आणि धोरण अशा अनेक गोष्टी उभ्या असतात. ‘स्टारड्यू व्हॅली’त या दोहोंमध्ये कोणीच उभे नसते.

येथे आपल्या मध्यवर्ती प्रश्नाचे उत्तर मिळते. माणूस कामाने दमतो हे खरे, पण आपल्या कामाचे काय होणार हे माहीत नसण्याने तो अधिक दमतो. परीक्षेचा अभ्यास करणारा विद्यार्थी, अर्जांमागून अर्ज करणारा पदवीधर आणि पेरणी करून आकाशाकडे पाहणारा शेतकरी यांचा थकवा पुष्कळ अंशी याच जातीचा असतो. हे गेम काम काढून घेत नाहीत, कामातली अनिश्चितता काढून घेतात. चार दिवस पाणी घाला, पाचव्या दिवशी पीक तयार. कष्टाला फळ मिळणारच, ही खात्री हाच या गेम्समधला मुख्य दिलासा आहे. मऊ रंग आणि मंद संगीत हे त्या खात्रीचे वेष्टन होय.

भातुकलीत मूल खोटा स्वयंपाक करते आणि तो कधीच करपत नाही. त्या खेळाचा आनंदही याच खात्रीतून येतो. फरक एवढाच की भातुकलीत खात्री मुलाच्या मनात असते, येथे ती यंत्राने लिहून दिलेली असते.

५. वेळ कोणाची?

शेतीचा प्रत्येक गेम विश्रांती देतोच असे मात्र नाही. २००९ साली ‘झिंगा’ या कंपनीने फेसबुकवर ‘फार्मव्हिल’ आणला आणि तो भारतातही पुष्कळ खेळला गेला. तिथेही नांगरणी, पेरणी आणि कापणी होती, रंगही उजळ होते. पण तिथे पीक खऱ्या घड्याळाप्रमाणे वाढत असे आणि वेळेवर परत येऊन कापले नाही तर सुकून जाई. त्यामुळे खेळाडूला अमुक तासांनी परतावेच लागे. गेम बंद केल्यावरही तो मनात चालू राही. वाट पाहायची नसेल तर पैसे मोजण्याची सोय होती.

‘स्टारड्यू व्हॅली’ एकदाच विकत घ्यावा लागतो आणि बंद केला की त्यातला काळ थांबतो. महिनाभराने परत आलात तरी रोपे तशीच उभी असतात. एकच शेत, एकच कृती, पण काळाचा एक नियम बदलल्याने पहिला गेम खेळाडूच्या दिवसावर हक्क सांगतो आणि दुसरा त्याला मोकळे सोडतो. आराम देणाऱ्या कोणत्याही गेमबाबत हा पहिला प्रश्न विचारावा : मी उठून गेलो तर याचे काय होते?

‘अॅनिमल क्रॉसिंग : न्यू होरायझन्स’ या दोहोंच्या मधे उभा आहे. तो २० मार्च २०२० रोजी प्रसिद्ध झाला, म्हणजे भारतात टाळेबंदी सुरू होण्याच्या पाच दिवस आधी. पहिल्या सहा आठवड्यांत त्याच्या १ कोटी ३० लाखांहून अधिक प्रती विकल्या गेल्या. जगभर लोक घरांत अडकले असताना या गेममधल्या बेटावर मित्रांना भेटता येत होते, वाढदिवस साजरे करता येत होते. हा गेम खऱ्या घड्याळावर चालतो. बाहेर रात्र असेल तर बेटावरही रात्र. बरेच दिवस फिरकले नाही तर तण माजते आणि शेजारी ‘कुठे होतात?’ असे विचारतात. नुकसान फारसे होत नाही, पण थोडी अपराधी भावना मात्र होते.

या गेमची सुरुवात कर्जाने होते, हे विशेष. टॉम नुक नावाचा व्यापारी घर बांधून देतो आणि खेळाडूच्या नावावर ९८,००० ‘बेल्स’ लिहितो. परंतु या कर्जाला व्याज नाही आणि मुदतही नाही. वसुलीला कोणी दारात येत नाही. या मालिकेच्या आधीच्या गेमचा विचार बोगोस्ट यांनी त्याच ग्रंथात कर्ज आणि उपभोग यांच्या संदर्भात केला आहे. आपल्या दृष्टीने एवढे पुरे की येथेही कर्ज काढून टाकलेले नाही. कर्जातली भीती काढून टाकली आहे.

६. खात्री जिथे माणसांना लागू होते

पिकांबाबत खात्री द्यायला हरकत नाही. तीच खात्री माणसांच्या नात्यांना लावली की काय होते? ‘स्टारड्यू व्हॅली’चे खरे कसोटीचे स्थळ येथे आहे.

पेलिकन टाउनमधल्या प्रत्येक माणसाशी असलेले नाते बदामांत मोजले जाते. रोज बोलावे, आठवड्यातून दोन भेटवस्तू द्याव्यात, बदाम भरत जातात. प्रत्येकाच्या आवडीनिवडी ठरलेल्या आहेत. म्हणजे पाणी घातल्यावर पीक येते, तशीच भेट दिल्यावर मैत्री येते.

आता शेन या पात्राकडे पाहू. शेन जोजाच्या दुकानात माल लावण्याचे काम करतो, संध्याकाळी गुत्त्यात बसतो, नव्या माणसाशी तुसडेपणाने बोलतो. मैत्री वाढत सहा बदामांपर्यंत गेल्यावर एका पावसाळी दिवशी तो खेळाडूला कड्याच्या टोकाशी, दारूच्या नशेत पडलेला सापडतो. आपण जगावे का, असा प्रश्न तो विचारत असतो. त्याला दवाखान्यात नेले जाते आणि पुढे तो समुपदेशकाकडे जाऊ लागतो. मऊ रंगांच्या या गेममध्ये असा प्रसंग येणे हे धाडसाचे आहे. तो संयमाने लिहिलेला आहे आणि अनेक खेळाडूंच्या तो लक्षात राहतो.

पण या प्रसंगापर्यंत पोहोचायचे कसे? सहा बदाम भरून. बदाम लवकर भरायचे तर शेनच्या सर्वांत आवडत्या वस्तू द्यायच्या, आणि त्या यादीत बिअर आहे. म्हणजे दारूत बुडत चाललेल्या माणसाला आपण आठवड्यातून दोनदा दारू नेऊन देतो, तो मनापासून आभार मानतो आणि बदाम वाढतात. कड्यावरच्या त्या प्रसंगानंतरही बिअर दिली तर बदाम वाढतातच. पॅम ही मोडलेल्या बसची बेकार चालक, लेकीसोबत गाडीवजा घरात राहणारी आणि रोज गुत्त्यात दिसणारी. तिच्याही आवडत्या भेटींत बिअर आहे.

येथे कथा एक बोलते आणि नियम दुसरेच बोलतो. कथा म्हणते, या माणसाच्या दुःखाला सोपा उपाय नाही. नियम म्हणतो, योग्य वस्तू दिली की माणूस आपलासा होतो. हा दोष निष्काळजीपणाचा आहे असे मला वाटत नाही. गेमचा सारा दिलासा ज्या खात्रीवर उभा आहे, तिचाच हा अटळ परिणाम आहे. नात्यात खात्री नसते, भेट नाकारली जाण्याची शक्यता असते, म्हणूनच ती स्वीकारली गेल्याचे मोल असते. भेट कधीच वाया जात नसेल, तर समोरचा माणूस आणि फ्लॉवरचा वाफा यांत नियमांच्या पातळीवर फरक उरत नाही.

गावाच्या मोठ्या कथेतही अशीच गाठ आहे. ओसाड पडलेले समाजमंदिर दोन मार्गांनी सुधारता येते. पहिला मार्ग असा की ऋतूंप्रमाणे निरनिराळी पिके, मासे, फुले आणि खनिजे गोळा करून ती वनदेवतांसारख्या छोट्या ‘जुनिमों’ना अर्पण करायची. दुसरा मार्ग असा की ५,००० नाणी भरून जोजाचे सभासद व्हायचे. मग समाजमंदिराचे गोदाम होते आणि पूल, बस वगैरे सर्व सुधारणा थेट पैसे देऊन मिळतात. पहिला मार्ग चांगला आणि दुसरा वाईट, असे कथा सुचवते. पण दोन्ही मार्गांनी बस सुरू होते आणि पॅमला तिचे काम परत मिळते. शिवाय पहिल्या मार्गावरचा खेळाडूही काही काळाने झारीऐवजी तुषार सिंचन बसवतो, फळांची दारू गाळून नफा वाढवतो, कोणते पीक किती जागेत लावायचे याचे तक्ते करतो. कार्यालयातला हिशेब सोडून आलेला माणूस शेतावर तोच हिशेब मांडून बसतो. तिसऱ्या वर्षाच्या आरंभी आजोबांचा आत्मा येऊन मूल्यमापन करतो, त्यातही कमाईला गुण आहेत. जोजा मागे राहिली, मोजदाद मात्र सोबत आली.

७. दोन वेगळ्या वाटा

मग आराम देणाऱ्या गेमने खात्री द्यायचीच नाही का? तसे नाही. खात्री कुठे द्यायची आणि कुठे रोखायची याचे भान महत्त्वाचे. पुढील दोन गेम या दृष्टीने पाहण्यासारखे आहेत.

‘अनपॅकिंग’ (२०२१) हा ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेनच्या ‘विच बीम’ या संस्थेचा गेम आहे. १९९७ ते २०१८ या काळात एका मुलीने केलेली आठ स्थलांतरे त्यात आहेत. खेळाडू फक्त खोकी उघडून सामान लावतो. घड्याळ नाही, गुण नाहीत, ती मुलगी समोर दिसतही नाही. २०१० साली ती प्रियकराच्या घरी राहायला जाते. घर त्याच्या वस्तूंनी भरलेले आहे. तिची पदवीची चौकट भिंतीवर लावायला जागा नाही. खेळाडू ती इथे तिथे ठेवून पाहतो, गेम ती जागा चूक ठरवतो. शेवटी ती पलंगाखाली सरकवावी लागते. २०१२ साली ती पुन्हा आईवडिलांच्या घरी आलेली असते, आणि त्या दोघांच्या छायाचित्रात त्याच्या चेहऱ्यावर टाचणी टोचलेली असते.

काय घडले हे कोणीही सांगत नाही, तरी सर्व कळते. सामान लावून होतेच, ही खात्री या गेमने पाळली आहे. पण नेमकी ती पाळतानाच त्याने एका स्त्रीचे स्वतःच्या घरातले आक्रसणे खेळाडूच्या हातांना जाणवून दिले आहे. ‘स्टारड्यू’त जी गोष्ट कथा आणि नियम यांत फाटली, ती येथे एकाच कृतीत आली आहे.

‘वेण्बा’ (२०२३) हा टोरांटोच्या ‘विसाई गेम्स’चा गेम तमिळ कुटुंबाची गोष्ट सांगतो. त्याचे नाव प्राचीन तमिळ छंदावरून आले आहे. वेण्बा आणि पावलन हे दांपत्य १९८० च्या दशकात कॅनडात आलेले आहे. आईच्या पाककृतींची वही वेण्बाजवळ आहे, पण तिची पाने फाटलेली आणि पुसट झालेली आहेत. इडलीपात्राच्या ताटल्या कशा रचायच्या म्हणजे वाफ सगळीकडे पोहोचेल, अशी कोडी खेळाडू सोडवतो. चुकले तर पुन्हा करता येते. फोडणीचा चुरचुराट कानांना सुखावतो. या गेमला २०२४ साली पदार्पणातील गेमसाठीचा बाफ्टा पुरस्कार मिळाला.

येथेही स्वयंपाकाची खात्री आहे, कोडे सुटतेच. पण मुलगा कविन हळूहळू आईच्या भाषेपासून आणि डब्यातल्या पदार्थांपासून दुरावत जातो, आणि ते अंतर मिटवणारे कोणतेही माप गेम खेळाडूच्या हाती देत नाही. चांगला पुट्टू झाला म्हणून मुलगा जवळ येईल, असा सौदा इथे नाही. महाराष्ट्रातून, तमिळनाडूतून किंवा देशाच्या कोणत्याही भागातून परदेशी किंवा परप्रांती गेलेल्या घरांना ही गोष्ट ओळखीची वाटेल. पदार्थ जमला तरी माणूस आपल्या हातात नाही, हे ‘वेण्बा’ जाणतो, आणि तरीही स्वयंपाकघराची ऊब कमी होऊ देत नाही.

८. एक आक्षेप आणि त्याचा विचार

यावर कोणी म्हणेल, दमलेल्या माणसाला एवढे सुखही निखळ मिळू नये का? बाजारभाव पडणारा शेतीचा गेम खेळून कोणाला आराम मिळणार? हा आक्षेप रास्त आहे. ‘स्टारड्यू व्हॅली’त कांद्याचा भाव कोसळावा, अशी मागणी येथे केलेली नाही. तसे केले तर तो गेमच राहणार नाही. खात्रीचे जग रचण्याचा कलेला अधिकार आहे, आणि त्या जगाची ओढ वाटणाऱ्याला कमीपणा वाटण्याचे कारण नाही.

शिवाय त्या ओढीतच एक टीका दडलेली असते. मेहनतीचे फळ मिळावे, कर्ज माणसाला गिळणारे नसावे, शेजाऱ्याला आपले नाव माहीत असावे, गेलेले काम परत मिळावे. या फार मोठ्या मागण्या नाहीत. कोट्यवधी लोकांना त्या पडद्यावरच पुऱ्या होताना दिसतात, ही गोष्ट गेमपेक्षा गेमबाहेरच्या जगाविषयी अधिक सांगते. धोका एकाच ठिकाणी आहे. गेममधली खात्री जगाचा नियम म्हणून मनात ठसली, तर ज्याला फळ मिळाले नाही त्याने कष्टच केले नसतील, असे वाटू लागते. तेव्हा दिलासा हा न्यायनिवाडा बनतो.

खुद्द या गेमच्या निर्मितीकडे पाहिले तरी हे स्पष्ट होते. बरोन साडेचार वर्षे राबत होता. त्या काळात खर्च भागवण्यासाठी तो एका नाट्यगृहात प्रेक्षकांना जागा दाखवण्याचे अर्धवेळ काम करी आणि घर मुख्यतः जोडीदाराच्या आधाराने चालत असे. गेम विकला जाईल याची कोणतीही हमी नव्हती. तितकेच राबलेल्या अनेकांचे गेम कोणाच्या नजरेसही पडत नाहीत. कष्टाला फळ मिळणारच असे सांगणारा हा गेम स्वतः मात्र हमी नसलेल्या कष्टांतून जन्मला आहे.

९. समारोप

आराम देणाऱ्या व्हिडिओ गेम्सची विश्रांती ही कामाच्या अभावाची विश्रांती नसून खात्रीच्या कामाची विश्रांती आहे, हे आपण पाहिले. ‘फार्मव्हिल’ने ती खात्री खेळाडूच्या वेळेच्या बदल्यात दिली. ‘अॅनिमल क्रॉसिंग’ने कर्जातली भीती काढून ती दिली. ‘स्टारड्यू व्हॅली’ने ती उदारपणे दिली, पण माणसांनाही तिच्यात ओवले, आणि शेनच्या हातातली बिअर ही त्या उदारपणाची मर्यादा ठरली. ‘अनपॅकिंग’ आणि ‘वेण्बा’ यांनी वस्तूंची खात्री दिली आणि माणसांची राखून ठेवली.

नाट्यशास्त्राने विश्रांती आणि उपदेश शेजारी ठेवले आहेत. त्या निकषावर ‘स्टारड्यू व्हॅली’ थोर नाही, पण प्रामाणिक आणि मायाळू आहे. तो खेळून झाल्यावर ‘माझे खरे काम इतके थकवणारे का आहे?’ हा प्रश्न ज्याच्या मनात उरेल, त्याला विश्रांतीही मिळाली आणि समजही.

१०. स्वाध्याय

१. ‘कष्टाला फळ मिळणारच, ही खात्री हाच मुख्य दिलासा आहे’ या विधानाची तुमच्या परिचयाच्या एखाद्या गेमच्या आधारे चर्चा करा.

२. तुम्ही खेळत असलेला गेम मधेच सोडून गेल्यास काय होते? त्यावरून त्या गेमचा खेळाडूच्या वेळेविषयीचा दृष्टिकोन स्पष्ट करा.

३. शेनचा प्रसंग कथेच्या आणि नियमांच्या पातळीवर वेगवेगळा कसा वाचता येतो? हा विसंवाद दूर करण्यासाठी तुम्ही भेटवस्तूंचा कोणता नियम बदलाल? त्या बदलाने गेमचा आराम टिकेल का?

४. तुमच्या भाषेतील किंवा प्रदेशातील एखादा पारंपरिक खेळ घ्या. त्यात खात्री कोठे आहे आणि अनिश्चितता कोठे आहे, ते लिहा.